कानात शिरतं एक, ऐकू येतं दुसरंच

इंदूरच्या मराठी घरांत सकाळी रियाजाला बसलेल्या मुलांपुढे आता लाकडी तानपुरा क्वचितच दिसतो. मोबाइल असतो आणि त्यात तानपुऱ्याचं ॲप. गाणारा पुरुष असेल आणि त्याचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकवर (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर) असेल, तर जोडीच्या तारांची कंपनं सेकंदाला साधारण १३९ आणि खर्जाच्या तारेची त्याच्या निम्मी, म्हणजे ६९च्या आसपास. मोबाइलचा स्पीकर जेमतेम नखाएवढा. सेकंदाला दोनशे-तीनशेच्या खालची कंपनं त्याच्याकडून नीट निघतच नाहीत. थोडक्यात, खर्ज त्या खोलीत नसतोच. तरी मुलगा त्याच खर्जाला धरून सा लावतो आणि तो बरोबर लागतो.

तार छेडली की ती एकाच वेगाने थरथरत नाही. ६९ बरोबर १३८, २०७, २७६, ३४५ अशी पटीतली कंपनंही निघतात. स्पीकर खालची गाळतो आणि वरची पाठवतो. मेंदूपुढे येतात २७६, ३४५, ४१४, ४८३. दर दोघांत अंतर ६९चं. एवढ्यावरून मेंदू ठरवतो की मूळ स्वर ६९चाच असणार, आणि ठरवून थांबत नाही, तो आपल्याला ऐकवतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, एवढंच). पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनं शंभर-सव्वाशेच्या घरात. ती तारेतून कधी आलीच नाहीत. तरी पुण्याहून फोन करणाऱ्या मामांचा आवाज कुणाला बायकी वाटला नाही.

तबल्यातही पटीचाच खेळ आहे. साध्या ढोलाच्या चामड्याची कंपनं एकमेकांच्या पटीत नसतात, म्हणून त्यातून नुसता ठोका ऐकू येतो, स्वर नाही. तबल्यावरच्या काळ्या शाईमुळे ती पटीत बसतात आणि तबला ‘लागतो’. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये छापलं होतं, नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी.

तर कानावर पडणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मानसशास्त्र शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात ऐकणं एका धड्यात, भाषा दुसऱ्यात आणि औषधांचे, नशेचे परिणाम तिसऱ्यात असतात. मुलं तिन्ही वेगवेगळे पाठ करतात आणि परीक्षेनंतर वेगवेगळे विसरतात. माझ्या मते तिन्ही धडे एकाच वाटेवर आहेत. मेंदूला अपुरी माहिती मिळते, तो अंदाज बांधतो आणि आपण त्या अंदाजालाच जग समजतो. नशा किंवा औषध या वाटेवर कुठे हात घालतं, त्यावर त्याचा परिणाम ठरतो.

कान नेमकं काय करतो

हवेतली लाट कानाच्या पडद्यावर येते. पडद्यामागे तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. त्यांची गरज अशी, की आतला कान द्रवाने भरलेला आहे आणि हवेतली लाट द्रवावर आदळली तर बहुतेक सगळी परत फिरते. मोठ्या पडद्यावरचा दाब ही हाडं सुमारे सतरा पट लहान खिडकीवर आणून टाकतात, म्हणून लाट आत शिरू शकते. अगदी क्षीण आवाजाला पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी.

आत अडीच वेटोळ्यांची एक नळी आहे, कॉक्लिया. सरळ केली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात लांबीभर एक पातळ पट्टी पसरलेली असते, तोंडाशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. बारीक आवाज तोंडाशी जास्त हलवतात, जाड आवाज टोकाशी. कुठला भाग हलला यावरून मेंदूला स्वर किती उंच ते कळतं. या पट्टीवरची लाट प्रत्यक्ष पाहणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशीला १९६१चं नोबेल मिळालं. पट्टीवर केसपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३,५०० पेशी, त्या मेंदूला खबर देतात. बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,०००. या स्वतः आखडतात, लांबतात आणि हळू आवाजांना उचलून धरतात. माणसाच्या जन्मात या पेशी एकदाच मिळतात. गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत उगवते, आपल्यात नाही.

वय वाढतं तशा तोंडाजवळच्या केसपेशी आधी जातात, म्हणजे बारीक आवाज आधी जातात. याचा घरातला परिणाम मजेशीर असतो आणि क्लेशदायकही. सून स्वयंपाकघरातून म्हणते, “आप्पा, सात वाजले.” आप्पा दचकून विचारतात, “हात भाजले? कुणाचे?” सगळे हसतात. पण चूक नीट बघा. ‘आ’, ‘आ’, ‘ए’ हे स्वर जिथल्या तिथे आहेत, ‘त’, ‘ज’, ‘ल’ वाचले आहेत. घसरले ते ‘स’ आणि ‘व’. स्वर जाड आणि जोरकस असतात, व्यंजनं बरीचशी बारीक आणि दुबळी. ‘स’चा सगळा जोर चार हजार हर्ट्झच्या पुढे. शब्दाचा आवाज स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. म्हणून म्हातारी माणसं सांगतात, “ऐकू येतं रे, कळत नाही.” ते अक्षरशः खरं आहे.

आणि मग आपण ओरडतो. ओरडल्याने वाढतो तो स्वर. ‘स’ होता तिथेच राहतो. शिवाय बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी गेलेल्या असल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो, मधला टप्पा फार थोडा उरतो. “जरा मोठ्याने बोल” म्हणणारे आप्पा पुढच्याच वाक्याला “ओरडतोस कशाला?” म्हणतात ते या कारणाने, स्वभावामुळे नव्हे. समोर येऊन, तोंड दिसेल असं, किंचित सावकाश बोलणं जास्त उपयोगी पडतं. तोंड दिसण्याचं कारण पुढे येईल.

गेर आणि उरलेला वर्षभराचा गोंगाट

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा डीजेच्या गाडीला खेटून चालणाऱ्या पोरांना संध्याकाळी कानांत बोळा घातल्यासारखं वाटतं आणि रात्री बारीक शीळ वाजत राहते. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून विषय संपतो. २००९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत कुजावा आणि लिबरमन यांना दिसलं, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले असतात. साध्या तपासणीत अशी हानी दिसत नाही. तपासणी शांत खोलीत होते, आणि अशा कानाची पंचाईत गर्दीत होते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. आपल्याला मात्र तो साधारण दुप्पट वाटतो. कानाला बसणारा मार आणि आपल्याला वाटणारा मार यांतली ही तफावतच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. शंभरावर गेलात की सगळा आठवडा वीस मिनिटांत संपतो. आपल्या देशाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. लग्नसराईत ती कुणाला आठवते हे विचारू नका.

‘च’ कुठे गेला?

पुण्याचे पाहुणे आमच्याकडे आले की एक टोमणा ठरलेला: तुमच्या मुलांचा ‘च’ हिंदी आहे. टोमणा असला तरी निरीक्षण बरोबर आहे. चोर, चूल, चांगला म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं. चहा, चंद्र, चित्र म्हणताना जीभ टाळूला लागते. अक्षर एकच, आवाज दोन. हिंदीत यातला दुसराच आहे. इंदुरात वाढलेलं, शाळेत, सोसायटीत, रिक्षात हिंदीच ऐकणारं पोर ‘चांगला’ चहासारखं म्हणतं आणि ‘शाळा’ची ‘शाला’ करतं. गंमत म्हणजे ‘ळ’ इथल्या मातीला परका नाही, माळवीत तो धडधाकट आहे. शहराच्या हिंदीने तो पुसला.

पोराच्या कानात किंवा जिभेत दोष नसतो. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतली तान्ही मुलं घेतली आणि त्यांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. हा भेद इंग्रजी मोठ्या माणसांना ऐकू येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना तो ओळखता आला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांत ओळखणारी अगदी थोडी उरली. पहिला वाढदिवस व्हायच्या आत मेंदू ठरवून टाकतो, आपल्या घरात कुठले भेद कामाचे आहेत आणि कुठले सोडून द्यायचे. जन्मतः सगळ्या जगाच्या भाषांना उघडा असलेला कान वर्षभरात घरचा होतो. त्यामुळे आजीने ‘चोर, चोर’ असं दहा वेळा जोरात म्हणून काही साधत नाही. नातवाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. जीभ कुठे टेकवायची ते दाखवलं आणि मराठी बोलणारी निरनिराळी माणसं रोज कानावर पडली, तर मोठेपणीही फरक पडतो, जरा मेहनतीने.

एकदा आवाजांचे कप्पे ठरले की मेंदू मधलं काही ऐकतच नाही. ‘ब’ आणि ‘प’ यांतला मुख्य फरक वेळेचा आहे: ओठ उघडल्यावर गळ्याची कंपनं किती लवकर सुरू होतात, काही हजारांश सेकंदांचा मामला. यंत्राने ही वेळ थोडी थोडी सरकवत नेली, तर ऐकणाऱ्याला ‘ब’ हळूहळू ‘प’कडे जाताना ऐकू येत नाही. ब, ब, ब आणि अचानक प. ॲल्विन लिबरमनने १९५७ साली ‘ब’, ‘ड’, ‘ग’ घेऊन हा अचानक बदल दाखवला. आपल्याला प, फ, ब, भ चारही लख्ख वेगळे वाटतात. ‘पळ’ आणि ‘बळ’ इंग्रजी कानाला बरेचदा एकच.

रिकाम्या जागाही मेंदू परस्पर भरतो. रिचर्ड वॉरनने १९७० साली वाक्यातला एक आवाज कापून तिथे खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना खोकला ऐकू आला आणि कापलेला आवाजही. खोकला नेमका कुठे होता ते सांगता येईना. नुसती शांतता ठेवली असती तर फट लगेच कळली असती. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अकराला गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईशेजारी उभं राहून आपण गप्पा मारतो त्या अशाच, निम्म्या ऐकून आणि निम्म्या भरून. तिथे शेजारच्या दहा संभाषणांतून एकच कसं निवडता येतं, हा प्रश्न कॉलिन चेरीने १९५३ साली प्रयोगात आणला: दोन कानांत दोन वेगळी बोलणी, एक मोठ्याने म्हणत जायचं. दुसऱ्या कानात काय बोललं गेलं ते लोकांना जवळजवळ काही सांगता आलं नाही. पण १९५९ साली नेव्हिल मोरेने दुसऱ्या कानात त्यांचं स्वतःचं नाव घातलं, तर सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते पकडलं. म्हणजे दुर्लक्षित कानही थोडाफार जागा असतो.

आता तोंड दिसण्याबद्दल. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी एक चित्रफीत केली: ओठ ‘ग’ म्हणतायत आणि आवाज ‘ब’चा. पाहणाऱ्यांना ऐकू आला ‘ड’. डोळे मिटले की ‘ब’, उघडले की परत ‘ड’. युक्ती माहीत असूनही सुटका नाही. वर्गात दाखवते तेव्हा मलाही ‘ड’च ऐकू येतो. करोनाच्या काळात मास्क लावल्यावर कितीतरी लोकांना ‘आपल्याला कमी ऐकू यायला लागलंय’ असं वाटलं. त्यांचे डोळे इतकी वर्षं ऐकण्यात मदत करत होते, ती मदत बंद पडली होती.

बोलणारा स्वतःलाही ऐकत असतो

बोलताना आपण आपलाच आवाज सतत तपासतो. भोवती गोंगाट वाढला की आवाज आपोआप चढतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवलं. कानात इअरफोन घालून “हॅलो” करणारी माणसं ओरडतात ती याच कारणाने. उलट, स्वतःचा आवाज पाव सेकंदाच्या आसपास उशिरा ऐकू आला, तर चांगला वक्ताही अडखळतो. फोनवर कधी आपलाच प्रतिध्वनी येतो तेव्हा जीभ कशी जड होते, हे अनुभवलं असेल.

मेंदूत बोलण्याची ठिकाणं पहिल्यांदा सापडली ती बिघाडातून. १८६१ साली पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला बोललेलं बरंच कळायचं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, ‘तां’. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागे, जखम होती. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार वर्णन केला: कानाच्या वर-मागे इजा, बोलणं धोधो आणि सुरेल, पण अर्थ नाही, आणि दुसऱ्याचं बोलणंही कळत नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की भाषा दोन ठिपक्यांत राहत नाही, मेंदूभर पसरलेली असते. तरी एक गोष्ट घरात सर्वांना माहीत असावी. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा जीभ जड झाली, तर ‘प्यायलाय वाटतं’ म्हणून त्याला झोपवू नका. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटं मोलाची असतात.

औषध, नशा आणि वाटेतले मुक्काम

काही औषधं थेट केसपेशींवर घाला घालतात. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, क्षयाला पहिलं खरं उत्तर. इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळले होते. १९५२च्या सुमाराला ते स्ट्रेप्टोमायसिन घेऊ लागले आणि १९५३ साली पुन्हा गायले. त्याच जातीची औषधं, म्हणजे जेंटामायसिन, ॲमिकासिन, कानामायसिन, आतल्या कानात जाऊन बसतात आणि काहींच्या केसपेशी मारतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन तोल सांभाळणाऱ्या पेशींना जास्त बाधतात, ॲमिकासिन आणि कानामायसिन ऐकण्याच्या. काही कुटुंबांत आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो. तो असला तर थोड्या डोसानेही बहिरेपण येऊ शकतं. म्हणून ‘आमच्या मामाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं होतं’ ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. ॲस्पिरिनचा मोठा डोस कानांत शीळ वाजवतो आणि ऐकणं तात्पुरतं मंद करतो. औषध थांबलं की बहुधा उतरतो. क्विनाइनचंही तसंच.

दारू कानात थांबत नाही, ती मेंदूत पसरते. मेंदूत एक पदार्थ पेशींना गप्प बसवतो, गाबा; दारू त्याचं बळ वाढवते. डोक्याच्या मागे असलेला लहान मेंदू हालचालींची वेळ सांभाळतो, आणि बोलणं म्हणजे जीभ, ओठ, टाळू, गळा आणि श्वास यांची वेळेवर बांधलेली धावपळ. ती सैल पडली की ‘स’ घसरून ‘श’कडे जातो आणि शब्द एकमेकांत विरघळतात. ऐकण्याची पातळीही थोडी खालावते, त्यात लोंबारचा नियम. पार्टीत रात्री अकरानंतर सगळे का ओरडतात, याला दोन्हींचा हातभार असतो.

भांगेची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशात परवान्याच्या दुकानांत ती मिळते. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्याने पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. कायदा काही म्हणो, पानांतही टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, असतंच. भांग उच्चार तितका बिघडवत नाही. ती घाव घालते आठवणीवर, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. माणूस वाक्य सुरू करतो आणि मध्येच विचारतो, “मी काय म्हणत होतो?” वाक्य शेवटाला न्यायचं तर सुरुवात धरून ठेवावी लागते, आणि तीच सुटते. वेळही ताणली जाते, पाच मिनिटांचा अर्धा तास होतो. पोटातून घेतलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास घेते. “काहीच होत नाही, अजून एक ग्लास दे” इथेच घात होतो.

पण रंगपंचमीला थंडाईचा पहिला घोट घेताच जे डोलायला लागतात, त्यांचं काय? दहा मिनिटांत भांग चढत नाही, आणि निम्म्या ग्लासांत नुसतं केशर-बदाम असतं. हा अंदाजाचाच खेळ आहे. ॲलन मार्लॅट यांनी १९७३ साली चार गट केले: दारू सांगून दारू, दारू सांगून नुसतं टॉनिक, टॉनिक सांगून दारू, टॉनिक सांगून टॉनिक. दारूच्या आहारी गेलेले लोक किती पितात, हे ग्लासात काय आहे यावर ठरलं नाही. काय आहे असं सांगितलं यावर ठरलं. याचा अर्थ लोक नाटक करतात असा नाही. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना दुखणं थांबवण्याचं म्हणून खोटं औषध दिलं आणि काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग नॅलॉक्सोन दिल्यावर ते परत वाढलं.

नॅलॉक्सोन काय करतं, हे कळायला माळव्याचंच पीक उपयोगी पडेल. मंदसौर-नीमचच्या शेतांत आजही परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि एकोणिसाव्या शतकात चीनला जाणाऱ्या माळवी अफूची इंदूर ही मोठी पेठ होती. अफूतलं मॉर्फिन काम कसं करतं ते १९७३ साली कळलं: मेंदूच्या पेशींवर त्याला बसायला कुलपं असतात आणि मॉर्फिनची किल्ली त्यांत फिरते. झाडाच्या किल्लीचं कुलूप आपल्या डोक्यात कशाला? १९७५ साली उत्तर मिळालं: मेंदू स्वतःही तसलीच द्रव्यं बनवतो. नॅलॉक्सोन ही कुलपात जाणारी पण न फिरणारी किल्ली. ती जागा अडवून बसते. खोट्या औषधाचा गुण तिने पुसला गेला, त्याअर्थी नुसत्या विश्वासाने मेंदूने स्वतःचं दुखणंमारक सोडलं होतं.

नशेची सवय होते तीही निम्मी अंदाजाचीच. शेपर्ड सीगेल यांनी १९८२ साली उंदरांना एकाच खोलीत हेरॉइनची सवय लावली. मग मोठा डोस दिला. ओळखीच्या जागी ३२ टक्के मेले, नव्या जागी ६४ टक्के. डोस तोच. ओळखीची जागा दिसताच शरीर येणाऱ्या नशेविरुद्ध आधीच कंबर कसतं. नवी जागा त्याला बेसावध गाठते. नशा सुटून घरी आलेला माणूस जुन्या कट्ट्यावर गेला की त्याला तलफ का येते, त्याचंही उत्तर इथेच आहे.

कुणी बोलत नसताना ऐकू येणारे आवाज

आपण बोलतो तेव्हा मेंदू कानाकडच्या भागाला आधीच कळवतो, की येणारा आवाज आपलाच आहे, मनावर घेऊ नकोस. मनातल्या मनात बोलतानाही अशी सूचना जाते, असं मानलं जातं. सूचना पोचलीच नाही तर? स्वतःचंच मनातलं बोलणं परक्याचं वाटेल, बाहेरून आल्यासारखं. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातल्या आवाजांबद्दलचं हे एक महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे. १९९३ साली रुग्णांना आवाज ऐकू येत असताना मेंदूतला रक्तप्रवाह तपासला, तेव्हा जागा दिसला तो ब्रोकाचा भाग, म्हणजे बोलण्याचा. दुसरा दुवा औषधांचा आहे. ॲम्फेटामाइनसारखी डोपामाइन वाढवणारी नशा जास्त झाली तर धडधाकट माणसालाही आवाज ऐकू येऊ शकतात, आणि १९५२पासून वापरात असलेल्या क्लोरप्रोमाझिनसारख्या गोळ्या डोपामाइनचीच कुलपं अडवतात. डोपामाइन मेंदूला ‘हे महत्त्वाचं आहे’ असं सांगतं. ते फार झालं की पंख्याची घरघरही आपल्यालाच काही सांगतेय असं वाटू लागतं.

ज्याला आवाज ऐकू येतात त्याला खरोखर ऐकू येतात, मोबाइलवर खर्ज ऐकू येतो तितकेच खरे. म्हणून “असं काही नाहीये, मनाचे खेळ आहेत” असा वाद घालून काही निष्पन्न होत नाही. काय म्हणतात, कधी म्हणतात, स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगतात का, हे शांतपणे विचारणं जास्त कामाचं. हे शेवटचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गोळ्यांनी आवाज एका रात्रीत जात नाहीत. अनेकांना आधी ते दूर गेल्यासारखे वाटतात, मग त्यांची जरब कमी होते. पुरता परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि तेवढ्यात ‘गुण नाही’ म्हणून गोळी बंद करणारी घरं कमी नाहीत. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, तिथे हिंदीत बोलता येतं आणि मराठीतही.